हात अप्पांचा, दांडा भलताच

अप्पांना स्वतःबद्दल छापून आलेलं वाचायला फार आवडायचं. सकाळचा चहा झाला की टॅब्लेट मांडीवर घ्यायचा, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढायचा आणि सुनेच्या वेबसाइटवर जाऊन 'आमच्या सासऱ्यांचं मत' एवढाच मजकूर शोधशोधून वाचायचा, हा त्यांचा रोजचा कार्यक्रम. जन्मभर मुख्याध्यापकी केलेला माणूस. आता मुलांना नापास करता येत नव्हतं म्हणून काठ्या, वॉकर आणि अंघोळीची स्टुलं यांना नापास करून ते दिवस साजरे करत.

वेबसाइट होती घरातल्या म्हाताऱ्या माणसांना लागणाऱ्या वस्तूंची. दुकान नव्हे. सूनबाई एखाद्या वस्तूबद्दल लिहायची, खाली एक बटण असायचं, ते दाबून कुणी ती वस्तू कंपनीकडून मागवली की कंपनी थोडं कमिशन द्यायची. अप्पा तिला 'सूनबाई' म्हणत, तेच नाव लेखांखाली पडलं, आणि आता कुठले कुठले अनोळखी वाचकही तिला सूनबाईच म्हणू लागले होते.

हे सगळं सुरू झालं ते तिच्या रागातून. अप्पा एकदा बाथरूममध्ये घसरले. थोडक्यात निभावलं, पण त्यानंतर धरायला भिंतीला दांडा हवा झाला. सूनबाईने इंटरनेटवर शोधलं तर 'सर्वोत्तम दांडे' सांगणाऱ्यांची ही गर्दी! तिने एक मागवला, तो महिन्याभरात गंजला. दुसरा मागवला, त्याचे स्क्रू बोटांनी निघाले. मग तिने ते लेख पुन्हा नीट वाचले आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लिहिणाऱ्यांपैकी एकानेही तो दांडा हातात धरलेला नव्हता. कंपनीने खोक्यावर जे छापलं तेच यांनी उलटसुलट करून लिहिलं होतं. "दुसऱ्याच्या म्हाताऱ्या माणसांच्या जिवावर कमिशन खातात मेले," असं म्हणून ती जी लिहायला बसली, ती उठलीच नाही.

म्हणून तिच्या साइटला एक नियम होता. वस्तू आधी घरात आली पाहिजे आणि अप्पांनी ती वापरली पाहिजे. तीही ओल्या हातांनी, चष्म्याशिवाय आणि मुख्य म्हणजे वैतागलेले असताना. खुशीत असलेल्या माणसाला काहीही चांगलंच वाटतं, असं तिचं म्हणणं होतं. सुदैवाने अप्पांना वैतागायला फार कष्ट पडत नसत. मनासारखे दिवस वापरून झालं की ते दरबारात निकाल द्यावा तसे बाथरूमच्या दारातून ओरडत, "पास!" किंवा "नापास!" नापास वस्तूला मग सोन्याचा मुलामा असला तरी साइटवर जागा नव्हती. गुडघेदुखी घालवणारा चुंबकांचा पट्टा असाच परत गेला. अप्पांनी तो बांधून स्वयंपाकघरात चक्कर मारली तेव्हा त्याला दोन चमचे चिकटले, गुडघा होता तसाच राहिला. त्या पट्ट्यावर कमिशन एवढं होतं, की सूनबाईचे धाकटे दीर दोन दिवस जेवणावर रुसले होते.

भाऊजींचं नाव काढलंच आहे तर सांगून टाकायला हवं. साइटची यंत्रणा त्यांच्या हातात. लिंका लावणं, चित्रं बसवणं, कंपन्यांशी बोलणं हे सगळं ते जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला बसून करत. जाहिरातीच्या धंद्यात काही वर्षं काढलेली, त्यामुळे बोलण्यात गोडवा भरपूर. मनाने वाईट नव्हते. पण वस्तू निवडायची म्हटलं की त्यांची बोटं आधी आकड्यांकडे वळत. लोक काय शोधतायत, कशावर किती सुटतं, कुठल्या बटणावर जास्त बोटं पडतात. "वहिनी, तुम्ही वस्तूच्या प्रेमात पडता," ते म्हणत. सूनबाई म्हणे, "मी अप्पांच्या हाडांच्या प्रेमात पडते." नवरा फिरतीच्या नोकरीवर. तो महिन्यातून दोनदा घरी येई, तेव्हा दोघांचंही ऐकून मान डोलवी आणि मूग गिळून बसे.

त्या सकाळी अप्पांनी दांड्याचं पान उघडलं. सगळ्या साइटवर त्यांचं सर्वात लाडकं पान तेच. वर त्यांच्याच हाताचा मोठा फोटो, बोटात अंगठी, मुठीत स्टीलचा दांडा. खाली सूनबाईचा मजकूर: 'हा आम्ही घरी बसवलाय. सासरे रोज याला धरून उठतात. डोळे मिटून घ्या.' फिरायला बरोबर येणाऱ्या एका मित्राला असाच दांडा हवा होता, म्हणून अप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा ते बटण दाबलं.

"सूनबाई, इकडे ये," ते म्हणाले. आवाज नेहमीचा नव्हता. "हा आपला दांडा नव्हे."

सूनबाई पीठ मळलेल्या हातांनीच बाहेर आली. पडद्यावर पांढऱ्या प्लॅस्टिकचं एक हँडल होतं, दोन्ही टोकांना रबरी वाट्या. भिंतीवर दाबायचं, खटका खाली करायचा, झालं. ना भोक, ना स्क्रू.

"हात माझा," अप्पा म्हणाले, "आणि दांडा भलताच."

"भाऊजी!"

भाऊजी टेबलावरून उठलेही नाहीत. "अहो हां, ते सांगायचं राहिलं. आपला तो स्टीलचा बंद झाला. कंपनीने माल काढून घेतला. बटण दाबलं की रिकामं पान यायचं, बरं दिसत नव्हतं. म्हणून त्याच कंपनीचा हा लावला. भाड्याच्या घरातली माणसं सारखी विचारतात ना, भोक न पाडता काही आहे का म्हणून? हातोहात जातोय. आणि कमिशन दुपटीच्या वर."

"कधीपासून?"

"झाले असतील दोनेक महिने."

"आणि वर मजकूर माझा?"

"तुमच्या एका अक्षराला हात लावला नाही, वहिनी," भाऊजी छातीवर हात ठेवून म्हणाले. त्यांना खरोखरच वाटत होतं की हे ऐकून ती शांत होईल.

सूनबाईला शब्द सुचले ते सगळे एकदम. "लावायचा होता हात! खोडून टाकायचं होतं सगळं! स्वतःच्या नावावर हवं ते विकायचं होतंत! मी लिहिलंय, 'सासरे रोज याला धरून उठतात.' कोण उठतंय याला धरून? हे हँडल या घरात आलं तरी आहे का?"

आलं होतं. कंपनीने नमुना पाठवलेला, खोका टेबलाखाली भाऊजींच्या पायाशी होता. त्याची चिकटपट्टीसुद्धा कापलेली नव्हती. पाय ठेवायला बरा पडतो म्हणून तिथे राहिला होता.

सूनबाईने तो ओढून काढला, सुरीने फाडला आणि हँडल घेऊन तरातरा बाथरूममध्ये गेली. मागोमाग भाऊजी, त्यांच्या मागे काठी टेकत अप्पा. टाइल्स कोरड्या होत्या. तिने वाट्या दाबल्या, खटके खाली केले, दोन्ही हातांनी ओढून पाहिलं. हललं नाही. भाऊजींना हुरूप आला. त्यांनी गुडघे दुमडून त्याला चक्क लोंबकळून दाखवलं.

"बघा! मी काय म्हणत होतो? माझं वजन पेललं. अप्पा तर माझ्या अर्धे आहेत. उगाच तुम्ही..."

सूनबाई मनातून जरा खजील झाली. समजा, हे खरंच चांगलं असलं तर? चांगलं असलं तरी खोटं ते खोटंच, असं तिने स्वतःला बजावलं. तरी रागाचा जोर ओसरला. अप्पा मात्र दारात काठीवर हनुवटी ठेवून उभे होते.

"कोरडी परीक्षा कधीपासून घेतो आपण?" ते म्हणाले. "माझी अंघोळ व्हायचीय. गरम पाणी सोड."

त्यांना तिने आपल्या जुन्या, स्क्रूच्या दांड्याला धरून अंघोळ करायला लावली. नवं हँडल समोरच्या भिंतीवर नुसतं राहू दिलं. वाफेने आरसा दिसेनासा झाला, टाइल्सवरून ओघळ वाहू लागले. अप्पांनी अंग पुसलं, कपडे घातले आणि बाहेर येऊन खुर्चीत टेकले. सूनबाईने चहा ठेवला. भाऊजी आता अगदी रंगात आले होते. वहिनींनी माफी मागावी अशी त्यांची अपेक्षा नव्हती, पण मागितली तर ते नाही म्हणणार नव्हते.

"मी तर म्हणतो, हे हँडल हातात धरलेलाही अप्पांचा एक फोटो काढू," ते म्हणाले, आणि बशी ओठांना लावली.

बाथरूममध्ये काहीतरी धाडकन आदळलं.

कुणीही आत नव्हतं. तिघेही उठून गेले. हँडल फरशीवर पडलं होतं, एक वाटी छताकडे तोंड करून. त्याला कुणी धरलं नव्हतं, ओढलं नव्हतं. नुसत्या वाफेने ते आपल्या आपण सुटलं होतं.

"नापास," अप्पा म्हणाले. पण ओरडले नाहीत. ते त्या ओल्या फरशीकडे बघत राहिले. आपण मागे तिथेच कुठेतरी पडलो होतो, हे त्यांना आठवत असणार.

"नीट लावलं नसेल आपण," भाऊजी पुटपुटले.

"आपण तिघांनी मिळून नीट लावलं नाही?" सूनबाईचा आवाज चिरला. "मग एकटी राहणारी म्हातारी बाई लावेल नीट? भाऊजी, किती जणांनी घेतलंय हे?"

भाऊजींनी आकडा सांगितला. तो ऐकून तिने टेबलाकडे बोट दाखवलं.

"त्यांची नावं काढा. फोन काढा."

"नावं नसतात आपल्याकडे, वहिनी. आपल्याला फक्त विक्री दिसते. कोणी घेतलं ते कंपनीला माहीत."

हे तिला माहीत होतं. इतकी वर्षं माहीत होतं, आणि त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. आज पहिल्यांदा तिच्या डोळ्यांसमोर ती सगळी बाथरूमं आली. बंद दारांची, वाफेने भरलेली, आणि प्रत्येकीत कुणाचा तरी सुरकुतलेला हात. तो हात तिच्या शब्दावर भिंतीकडे जात होता. आणि तिला मात्र त्यांच्या घराची दिशासुद्धा ठाऊक नव्हती. रडू यायला हवं होतं, पण आला तो संतापच. त्या संतापातच तिने कंपनीला फोन लावला.

पलीकडून एक मधाळ बाई बोलू लागली. "मॅडम, सूचनेप्रमाणे वापरलं तर आमचं उत्पादन पूर्ण सुरक्षित आहे. खोक्यावर स्पष्ट छापलंय. हे फक्त तोल सावरण्यासाठी आहे, शरीराचा भार त्यावर टाकू नये."

"अहो, तोल गेलेला माणूस भार टाकणार नाही तर काय फुंकर घालणार?"

"तसंच, दर वापराआधी पकड तपासावी असंही लिहिलंय."

"कुठल्या अक्षरांत? मुंगीला चष्मा लावावा लागेल एवढ्या? बरं, ते राहू दे. ज्यांनी ज्यांनी हे घेतलं त्यांना कळवा."

"ग्राहकांची माहिती आम्ही देऊ शकत नाही, मॅडम."

"मला देऊच नका! तुम्ही कळवा. आज. आत्ता."

"मी आपला अभिप्राय वर पोहोचवते."

"वर म्हणजे कुठे? तिथे कुणी अंघोळ करतं का?"

मधाळ बाईच्या आवाजातला मध आटला. उत्पादनाची जाहीर बदनामी झाली तर आपल्यातला करार संपेल, सगळ्या वस्तूंवरचं कमिशन थांबेल, हे तिने घडाघडा सांगितलं. सूनबाईने "संपवा" म्हटलं आणि फोन ठेवला.

"वहिनी, जरा डोकं शांत ठेवा," भाऊजी काकुळतीला आले. "लिंक काढून टाकतो मी, गुपचूप. कुणाला कळणारही नाही."

"तेच तर! कुणाला कळणारच नाही! ज्यांच्या भिंतीवर ते लटकतंय त्यांनाही कळणार नाही." ती त्यांच्या खुर्चीपाशी येऊन उभी राहिली. "उठा. मला बसू द्या."

दर आठवड्याला साइटच्या वाचकांना तिचं एक पत्र जायचं. हँडल घेणाऱ्यांपैकी निदान काही जण त्यांत असणार. तिने लिहिलं, आणि लिहिताना एकदाही थांबली नाही. 'दांड्याच्या पानावरचं बटण तुम्हाला भलत्याच वस्तूकडे नेत होतं. रबरी वाट्यांचं ते हँडल आमच्या घरी कुणी कधी वापरलं नव्हतं. आज भिंतीला लावलं, हात न लावता पडलं. तुमच्याकडे असेल तर आत्ता उठून काढा. चूक आमची आहे. शंका असेल तर मला फोन करा.' खाली तिने स्वतःचा नंबर घातला. तोच मजकूर दांड्याच्या पानावर चढवला. अप्पांच्या हाताचा फोटो पानावरून काढून टाकायला गेली, तर अप्पा म्हणाले, "राहू दे. लोकांना कळू दे, कुणाच्या हाताला भुलले."

"स्वतःचा नंबर?" भाऊजींनी कपाळावर हात मारला. "लोक शिव्या घालतील!"

"घालू देत. हक्कच आहे त्यांचा."

घातल्याही. पहिला फोन आला तो एका गृहस्थांचा. त्यांनी सूनबाईला एक शब्द बोलू दिला नाही. "तुमच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला" हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा ऐकवलं, की शेवटी ती नुसतं "हो, हो" म्हणत राहिली. दुसरी एक बाई रडकुंडीला आली होती. तिच्या आत्याच्या हातात ते हँडल सुटून आलं होतं, नशिबाने खाली स्टूल होतं म्हणून निभावलं. "मला वाटलं, आत्यानेच काही केलं असेल," ती म्हणाली. "मी तिलाच रागावले हो." हे ऐकताना सूनबाईने पदराने नाक पुसलं आणि भाऊजींकडे बघितलं. भाऊजी पडद्याकडे बघत होते. पडद्यावर काहीच नव्हतं.

तिसरा फोन आला तेव्हा तिचे हात भांड्यांत होते, म्हणून तिने तो स्पीकरवर टाकला.

"सूनबाई बोलताय ना? नमस्कार, नमस्कार!" माणूस तोंडभरून हसत होता. "तुमचं पत्र आलं, अजून नीट वाचलं नाही, पण नंबर दिसला. म्हटलं, आधी आभार मानावेत. अहो, त्या हँडलने माझ्या आईचं आयुष्य बदललं! आमचं घर भाड्याचं, मालक खिळा ठोकू देत नाही. आधी प्रत्येक वेळी मला हाक मारायची, हात धरून न्यावं लागायचं, तिलाही लाज वाटायची. आता एकटी जाते, एकटी येते. म्हणते, त्या सूनबाईचे सासरे वापरतात म्हणजे..."

"थांबा," सूनबाई म्हणाली. "पाण्याचा आवाज कुठे येतोय?"

"तो? आईच आहे आत. अंघोळ चाललीय."

सूनबाईच्या हातातलं पातेलं सुटलं. "दार वाजवा. आत्ता वाजवा! त्या हँडलला हात लावू नका म्हणावं!"

"अं? अहो, पण तुम्हीच तर..."

"मीच म्हटलं होतं! ते खोटं निघालं! जा ना हो!"

फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला, मग धावती पावलं, मग दारावर थापा. अप्पा खुर्चीतून अर्धे उठून तसेच राहिले. भाऊजी फोनवर वाकले होते. टेबलावरच्या त्या चपट्या यंत्रातून एका अनोळखी घरातलं पाणी वाहत होतं, आणि या घरात तिघेही ते ऐकत होते.

"आई! ए आई! हँडल धरू नकोस!"

आतून बारीक, चिडका आवाज आला. "कोण म्हणतंय?"

"ज्या बाईंनी धर म्हणून सांगितलं होतं ना, त्याच सांगतायत!"

नळ बंद झाला.  मग म्हातारी म्हणाली, आणि आता चिडून नाही, घाबरून म्हणाली, "अरे, मी उभी आहे. मग धरू तरी काय?"

"कडी काढ, मी येतो आत."

"मी पदर तरी..."

"आई, काढ कडी!"

कडी निघाल्याचा आवाज आला. "दे हात. असा. सावकाश. बस खाली." आणि त्यानंतर काहीतरी फरशीवर आदळलं, कडकन, प्लॅस्टिकचं. म्हातारी किंचाळली आणि लगेच मुलगा म्हणाला, "काही नाही, काही नाही. तेच पडलं. तू आहेस ना माझ्याजवळ."

तिकडचा फोन मग कुणी उचललाच नाही, तो आपोआपच तुटला. सूनबाई ओल्या हातांनी जमिनीवर बसली. आता तिला रडता आलं. अप्पा हळूहळू परत खुर्चीत टेकले. त्यांचा अंगठीचा हात काठीवर होता.

"त्या म्हातारीने विचारलं ते ऐकलंस का रे?" ते धाकट्याला म्हणाले. "माझा हात होता फोटोत. तो बघून तिने हे धरलं होतं."

भाऊजींनी समोरचा पडदा बंद केला. 

फोन पुन्हा वाजला. सूनबाई डोळे पुसत उठू लागली, पण भाऊजींनी हात पुढे केला.  तिने त्यांना अडवलं नाही.

"उचला," ती म्हणाली. "पण नमस्कार-चमत्कार नंतर. आधी विचारा, आत्ता आत कोण आहे."